गुलाबची सराईतली सोयरीक

‘या, घर आपलंच आहे.’

फरीमा हे दारात येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची. सराई चालवणारी बाई दुसरं म्हणणार तरी काय? काशानात पाहुण्याला असं म्हणायचंच असतं. दुकानदारसुद्धा आधी ‘राहू द्या हो, आपलंच दुकान’ म्हणतो आणि मग पैशासाठी हात पुढं करतो. ते कोणी मनावर घेत नाही. पण त्या दुपारी फरीमा हे नुस्रत खानांकडं बघून म्हणाली, आणि नेमके त्यांच्या मागं इस्फहानहून आलेले हाजी यदुल्ला उभे होते. हाजींनी मान वर करून दारावरची निळी फरशी वाचली. गुलाबची सराई. मग त्यांनी नुस्रत खानांकडं मोठ्या आदरानं पाहिलं, आणि मागं उभी असलेली त्यांची भावजय शुकूह सावध झाली.

कारण नुस्रत खानांनी छातीवर हात ठेवून, मान लववून ते वाक्य स्वीकारलं. अगदी मालकासारखं.

घर गुलाबचींचं, म्हणजे नुस्रत खानांच्या घराण्याचं, होतं हे खरं. या हौदाच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या गुलाबपाण्याच्या हंड्यांखाली जाळ झाला होता. पण ते विकूनही आता तप झालं होतं. घेणाऱ्यांनी भिंती सावरल्या, रंगीत काचा बसवल्या, प्रत्येक खोलीला न्हाणीघर काढलं, आणि नाव तेवढं जुनंच ठेवलं, कारण नावाला गिऱ्हाईक होतं. शुकूह या घरची धाकटी सून. तिचा नवरा मनूचेहर घर विकल्यावर काही महिन्यांतच गेला, आणि ती तेहरानमध्ये भाड्याच्या घरात, शाळेत रसायनशास्त्र शिकवत, मेहरनूशला वाढवत राहिली. मेहरनूशनं पेजमानला पसंत केलं तेव्हा पेजमानचे वडील हाजी यदुल्ला म्हणाले, मागणी घालायला आम्ही मुलीच्या थोरल्यांच्या घरी येऊ, रीत ती रीत. थोरले म्हणजे नुस्रत खान, मनूचेहरचे मोठे भाऊ. ते फोनवर म्हणाले, ‘मग काशानला या की. गुलाबची सराईत या.’

शुकूहनं तेव्हाच थोरल्या दिराला विचारलं होतं, की खान दादाश, ती सराई आहे हे त्यांना ठाऊक आहे ना? दारावर लिहिलेलंच आहे की, असं उत्तर आलं. तिनंही ते चालवून घेतलं. आता दारात उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं, की हाजींनी काय समजायचं ते समजून घेतलंय. गुलाबचींनी घर राखलं, सजवलं, आणि आता तेच पाहुणे ठेवतात. आणि नुस्रत खान खोटं असं काहीच बोलले नव्हते. ते फक्त काही बोलत नव्हते.

गुलाब तोडायचे दिवस होते, त्यामुळं सराई भरलेली. हौदाच्या काठी शिराझच्या तिघी बायका पाय सोडून कलिंगड खात बसल्या होत्या. हाजींनी त्यांच्याकडं पाहिलं तसे नुस्रत खान म्हणाले, ‘गर्दी असते हो या दिवसांत. काय करता, आलेल्याला नाही कसं म्हणायचं?’ त्यातली एक बाई कलिंगडाची फोड हातात घेऊन त्यांच्याकडं बघतच राहिली.

शुकूहला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमिनीवर नवी फरशी होती आणि ती चांगली भक्कम होती.

मग नुस्रत खानांना घर दाखवायची हुक्की आली. नको म्हणायला कोणाला सुचलंच नाही. पुढं ते, मागं हाजी, हाजींच्या मागं त्यांच्या पत्नी तूबा खानूम, कमी बोलणाऱ्या आणि सगळं बघणाऱ्या, आणि शेवटी शुकूह. इथं आमचे आजोबा हिशेबाला बसायचे. इथं बायका गुलाबाच्या पाकळ्या निवडायच्या. हे सगळं खरं होतं, म्हणून तर ऐकवत नव्हतं. मागच्या बोळात शिरल्यावर नुस्रत खानांचा आवाज चढला. आता तुम्हाला आमची हिवाळ्याची खोली दाखवतो म्हणाले, जिच्या छतावर आरसे जडवलेत. लहानपणी आम्ही भावंडं उताणी पडून स्वतःची तोंडं मोजायचो. आणि त्यांनी थाटात दार ढकललं.

आत टॉवेल होते. जमिनीपासून छतापर्यंत पांढऱ्या टॉवेलांच्या चळती, कागदी सपातांची खोकी, आणि कोपऱ्यात कपडे धुवायचं यंत्र गरगरत होतं. आरशांची खोली पलीकडं होती. तिकडं जायचं दार आता दुसऱ्या अंगणातून काढलं होतं.

नुस्रत खान दाराच्या मुठीला धरून उभे. आवाज ऐकून फरीमा धावत आली आणि नम्रपणे म्हणाली, की क्षमा करा, इकडं पाहुणे येत नाहीत. नुस्रत खानांनी तिलाच फैलावर घेतलं, की कुठंही काहीही ठेवता तुम्ही लोक. बिचारी गोंधळली, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायची तिची रीत नव्हती. ‘आपण म्हणाल तसं,’ म्हणाली आणि दार लावून घेतलं. हाजींनी मान डोलावली. घरच्या माणसांना असंच वचकात ठेवावं लागतं, असं काहीतरी ते पुटपुटले. तूबा खानूम मात्र बंद झालेल्या दाराकडं बघत होत्या, आणि मग त्यांची नजर शुकूहकडं वळली. शुकूहनं मान खाली घातली.

संध्याकाळच्या बैठकीआधी ती खोलीत येऊन बसली, पण बसवेना. उठून पडदा सरकवला, परत लावला. नणंद इश्रत पलंगावर बसून ओठांना रंग लावत होती. इश्रत म्हणजे दोन भावांमधली, आणि जन्मभर थोरल्याच्या पंखाखाली राहिलेली. नुस्रत खानांनी दिवसाला रात्र म्हटलं तर ही दिवा लावायला उठायची.

‘मी सांगून टाकते त्यांना,’ शुकूह म्हणाली. ‘आत्ताच. नंतर कळलं तर मुलीच्या गळ्याशी येईल.’

इश्रतनं रंगाची नळी मिटली. समजूत काढायच्या सुरात तिनं पुष्कळ काही सांगितलं. खान दादाशचं वय झालंय, त्यांची एवढी एक हौस आहे, कोणाचं काय बिघडतंय, पाहुणे उद्या जातील, लग्न काय या घरात लागणार आहे थोडंच. आणि शेवटी म्हणाली, ‘भर बैठकीत दादाशची अब्रू घालवलीस, तर पोरीचं होणार असलेलंही मोडेल. जन्मदाता नाही डोक्यावर, आता काकाही खोटा ठरवायचाय?’

शुकूहला त्यातलं निम्मं पटत होतं.

तेवढ्यात मेहरनूश आत आली. हिरवा झगा, केस मोकळे, आणि चेहरा मात्र परीक्षेला निघालेल्या पोरीसारखा. आत्याला जरा बाहेर जायला सांगून तिनं आईचा हात धरला. ती म्हणाली, पेजमानला खरं सगळं माहीत होतं. तिनंच त्याला वर्षापूर्वी सांगितलं होतं, की घर आमचं होतं, आता नाही. त्याला वाटलं, बाबांनाही ठाऊक असेल. गाडीत बाबा वाटभर ‘घर राखणारी माणसं, घर राखणारी माणसं’ करायला लागले, तेव्हा त्याला उलगडा झाला, आणि मग त्याची जीभ रेटेना.

‘आजचा दिवस जाऊ दे, आई,’ ती म्हणाली. ‘पेजमान नंतर सांगेल त्यांना, शांतपणे. आज काही बोलू नकोस. माझ्यासाठी.’

शुकूहनं लेकीच्या कानामागं केसांची बट सारली आणि बरं म्हणाली. आता मूग गिळून बसायचं एवढंच काम उरलं होतं, आणि तिला वाटलं, ते आपल्याला जमेल. इतकी वर्षं जमलंच होतं.

बैठक पाच दारांच्या दिवाणखान्यात मांडली होती. मावळतीचं ऊन रंगीत काचांतून गालिच्यावर पडलं होतं. मधोमध हाजींनी आणलेली गझची पेटी, इस्फहानची पिस्तेवाली मिठाई, झाकण बंद. मुलीकडच्या थोरल्यानं होकार देऊन ‘तोंड गोड करा’ म्हटल्याशिवाय ती उघडायची नसते. हाजींनी हवापाण्याची चौकशी केली, नुस्रत खानांनी रस्त्याची केली. पेजमान गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसला होता आणि कोणाकडंच बघत नव्हता. आत मेहरनूश चहा ओतत होती. पेल्यांची किणकिण ऐकू येत होती.

हाजी म्हणाले, की एक विचारायचंय, राग मानू नका. काशानात काय, इस्फहानात काय, ज्यानं त्यानं बापजाद्यांची घरं विकली. तुम्ही हे राखलंत कसं?

शुकूहला वाटलं, नुस्रत खान टाळतील. त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

‘सोपं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘माझा धाकटा भाऊच मागं लागला होता. मनूचेहर. विकून टाकू, मोकळे होऊ म्हणायचा. मी म्हटलं, माझ्या अंगात जीव आहे तोवर नाही.’

आतली किणकिण थांबली. मेहरनूश चहाचं तबक घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं काकांकडं पाहिलं नाही, आईकडंही पाहिलं नाही. पेल्यांतल्या चहाकडं बघत ती तशीच उभी राहिली.

शुकूहनं शब्द दिला होता. पण तो घराबद्दल दिला होता, माणसाबद्दल नव्हे.

‘हे खोटं आहे,’ ती म्हणाली.

आवाज तिला स्वतःलाच वर्गात बोलल्यासारखा वाटला, सरळ आणि कोरडा. इश्रतनं तिच्या गुडघ्यावर हात दाबला. तिनं तो बाजूला केला.

‘हाजी आगा, हे घर आमचं नाही. ते विकलंय. आम्ही इथं तुमच्यासारखेच उतरलोय. हे मी तुम्हाला दारातच सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. आणि विकायचं माझ्या माणसानं कधीच म्हटलं नाही. शेवटपर्यंत नाही म्हणणारा तो एकटा होता. खान दादाशनी आणि इश्रतनं सह्या करून दोन वर्षं झाली, तरी त्यानं केली नव्हती. दवाखान्यातल्या पलंगावर केली.’

नुस्रत खान हसले. ते हसणं बघवत नव्हतं. ‘दुःख आहे हो तिला,’ हाजींना म्हणाले. ‘नवरा गेल्यापासून ती अशीच...’

‘बास, दादाश.’

हे इश्रत म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. सगळे तिच्याकडं वळले, तशी ती गांगरली, पण थांबली नाही. हाताच्या बोटांकडं बघत म्हणाली, ‘त्या मेलेल्या माणसाला कशाला ओढायचं? घराचं एक वेळ मी खपवून घेतलं. मनूचेहर ओक्साबोक्शी रडला होता सही करताना. तुम्ही नव्हता, मी होते. कागद मीच नेला होता.’

नुस्रत खान उठले. अंगरख्याची बटणं सारखी करत बाजूच्या लहान दारातून बोळात निघून गेले.

पेजमाननं तोंड उघडलं तसा हाजींनी हातानंच त्याला गप्प केलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. इस्फहानात चार लोकांना सांगून आलोय, म्हणाले, की सोयरे घर राखणारे आहेत. आता कोणत्या तोंडानं बाजारात बसू? मी घर बघायला नाही आलो, असं म्हणणार होते बहुतेक, पण तिथंच अडले आणि कबूल केलं, की खरं म्हणजे त्यासाठीच आलो होतो.

तूबा खानूमनी शुकूहला विचारलं, ‘राखायचं म्हणजे काय करायचे तुमचे मालक? राहायला तर तेहरानला होते ना?’

प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तरही साधंच होतं. ‘बर्फ काढायचे,’ शुकूह म्हणाली. ‘वरचं छत मातीचं. बर्फ साचलं की ओल धरतं आणि बसतं. काशानला बर्फ पडलं असं कळलं, की ते रातोरात गाडी काढायचे. फावडं घेऊन एकटे छतावर.’

‘एकटे नाही. मी असायचे,’ मेहरनूश दारातून म्हणाली. तबक अजून तिच्या हातात होतं. ‘मला शेजघरात शेगडीपाशी बसवायचे. उकडलेला सलगमचा कंद द्यायचे खायला. मला तो अजिबात आवडत नाही. पण बाबा खाली उतरेपर्यंत खात बसायचे.’

आणि ती रडायला लागली. पेजमान उठला, तिच्या हातातलं तबक घेतलं आणि तसाच ते धरून तिच्याशेजारी उभा राहिला. हे बैठकीच्या रीतीत कुठंच बसत नव्हतं, पण कोणी त्याला खाली बस म्हटलं नाही.

मग हाजी म्हणाले, ‘आमच्या बापाच्या घराचं बर्फ कोणी काढलं नाही. आम्ही पाच भाऊ. प्रत्येकाला वाटलं, दुसरा जाईल. एका हिवाळ्यात छत खाली बसलं.’ त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण टोपी काढून पुन्हा घातली. ‘मुलगी बर्फ काढणाऱ्याची आहे. ठीक आहे. पण होकार घ्यायचा कोणाकडून? थोरला तर उठून गेला. असं अर्ध्यावर सोडून मी पेटी उघडणार नाही.’

सगळ्यांनी शुकूहकडं पाहिलं.

बोळात अंधारून आलं होतं. नुस्रत खान टोकाला भिंतीपाशी उभे होते, दोन्ही तळवे गिलाव्यावर टेकून. शुकूहची चाहूल लागली तरी वळले नाहीत.

‘इथं दार होतं,’ ते म्हणाले. ‘इथनं परसात जायचो.’

‘होतं. बुजवलंय.’

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, जसं दार अजून कुठंतरी सापडेल. मग हळूच म्हणाले, ‘ती सराईवाली दारात म्हणाली ना, घर आपलंच आहे. मला फार बरं वाटलं, शुकूह.’

तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच राग आला. ‘वाटलं असेल,’ ती म्हणाली. ‘माझ्या माणसाच्या जिवावर कशाला?’

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. होकार तुमच्या तोंडून हवाय म्हणाली. ते म्हणाले, तूच दे, आता माझ्या शब्दाला कोण विचारतो. ती म्हणाली, मी दिला असता, पण हाजी थोरल्याचा मागतायत. आणि मनूचेहर असता तरी त्यानं तुम्हालाच पुढं केलं असतं, इतका वेडा होता तो. मग नुस्रत खान वळले आणि चालायला लागले, पण टॉवेलांच्या खोलीकडं. शुकूहनं त्यांच्या बाहीला धरलं. ‘इकडून,’ म्हणाली, आणि दिवाणखान्याच्या दारापर्यंत बाही सोडली नाही.

ते आपल्या जागी बसले नाहीत. उभ्यानंच बोलले. ‘घराबद्दल मी काही बोलणार नाही. जे ऐकलंत ते खरं आहे. मुलगी माझ्या भावाची आहे, आणि तो आमच्यातला बरा माणूस होता. त्याच्या वतीनं सांगतो, आमचा होकार आहे. तोंड गोड करा.’

तूबा खानूमनी पेटीचं झाकण उघडलं. पहिला तुकडा त्यांनी नुस्रत खानांना दिला नाही, शुकूहला दिला. शुकूहनं तो हातात घेतला, पण खाल्ला नाही. पिठूळ तुकडा तिच्या मुठीत ओला व्हायला लागला. सगळ्यांच्या डोळ्यांना आलेलं पाणी, पेजमानच्या हातातला गार झालेला चहा, इश्रत दादाशपासून दोन हात लांब सरकून बसलेली.

तेवढ्यात फरीमा आली, वाफाळत्या चहाचं नवं तबक घेऊन. तिला यातलं काही माहीत नव्हतं. सगळ्यांकडं बघून ती रोजच्यासारखी हसली. कशाची उणीव तर नाही ना, म्हणाली. संकोच करू नका, घर आपलंच आहे.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एकटे नुस्रत खान तिच्याकडं बघत राहिले.

‘नाही बाई,’ ते म्हणाले. ‘घर तुमचं आहे. आम्ही उद्या सकाळी निघू.’

फरीमा तबक धरून तशीच उभी राहिली. तिला या बोलण्याला असं उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं. आपल्याकडून काही चुकलं का, म्हणून तिनं शुकूहकडं पाहिलं. शुकूहनं मान हलवली, काही चुकलं नाही, आणि मुठीतला गझचा तुकडा तोंडात टाकला.